गॅलरीत पाडलेलं भोक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो. लोखंड म्हटलं की तुम्हाला वाटतं, याला कसली आली भीती. पण लोखंडालाच सगळ्यात जास्त भीती असते. पाणी त्याला खातं, हवा त्याला खाते, आणि उरलंसुरलं माणूस ड्रिल मशीन घेऊन पोखरतो.

वर्ध्याला लागून नालवाडी आहे. तिथे धामदर्शन नावाची एक इमारत आहे. नाव नदीचं ठेवलं, पण गच्चीवर चढलं तरी धाम नदी दिसत नाही. दिसतात त्या शेजाऱ्यांच्या काळ्या टाक्या. या इमारतीच्या मागच्या भिंतीत मी उभा गाडलेला आहे. गच्चीवरच्या टाकीतून निघतो आणि एकेका घराच्या स्वयंपाकघराला पाणी देत खाली उतरतो. जवळजवळ सगळं अंग सिमेंटात आहे. प्रत्येक घरात फक्त दोन जागी मला उजेड दिसतो. ओट्याखाली वीतभर आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, मागच्या गॅलरीत, हातभर. तेवढ्यातून आणि माझ्या दोन टोकांपाशी, वर गच्चीवर आणि खाली गाड्या लावतात तिथे, जे दिसलं आणि ऐकू आलं, तेच माझं जग.

भट्टीतून निघालो तेव्हा मी देखणा होतो. मला जस्ताच्या उकळत्या रसात बुडवून काढलं होतं. दुकानात उभा केला तर उन्हात डोळे दिपत. बांधणाऱ्याने मला बाहेरून टिचकी मारून पाहिलं आणि उचललं. आत डोकावून कोणीच पाहिलं नाही. आत जस्ताचा थर काही ठिकाणी लागलाच नव्हता. पाइप विकत घेणारा माणूस नेहमी बाहेरून बघतो आणि पाणी वाहतं ते आतून. या एका मूर्खपणावर मी अख्खं पुस्तक लिहू शकतो, पण मला हात नाहीत.

पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. पहिल्या माळ्यावरच्या मंदाबाईंनी नळाखाली काचेचा पेला धरला आणि उजेडात नेऊन बघितला. त्यांचे यजमान बंडूजी. त्यांचं जाम गावच्या चौरस्त्यावर चहाचं हॉटेल होतं, ते पोराच्या हवाली करून दोघं नवरा-बायको इथे राहायला आले होते.

"असं पानी हॉटेलात असतं तं गिऱ्हाइकानं चहा सोडून पानीच पेलं असतं," बंडूजी म्हणाले.

मला वाटलं, हे कौतुक जन्मभर पुरेल. पुरलं नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की टाकीत बोअरचं पाणी सोडत. ते जड, खारं पाणी. जिथे जस्त नव्हतं तिथे गंज धरला. गंजावर क्षार बसले. क्षारांवर पुन्हा गंज. माझ्या आत अशा गुठळ्या वाढत गेल्या, की शेवटी करंगळी जाईल एवढीच वाट उरली. मला श्वास घेता येत नाही असं वाटायचं. बाहेरून मात्र मी तसाच होतो. कोणाला काही कळलं नाही.

कळलं ते पाणी लाल यायला लागल्यावर. पांढरे सदरे पिवळे पडले. भाताला लोखंडाचा वास यायला लागला. बंडूजी शिळ्या विनोदावर जगणारे गृहस्थ. ते म्हणायचे, "चहापत्तीचा खर्च वाचला गा." लोक हसायचे आणि तेच पाणी गाळून प्यायचे.

आणि धार बारीक झाली, की या इमारतीतल्या बायकांनी एक उपाय शोधून काढला होता. खलबत्त्यातला बत्ता घ्यायचा, ओट्याखाली वाकायचं आणि मला ठोकायचं. ठोकलं की आतली गुठळी सुटते आणि थोडा वेळ पाणी जोरात येतं. रोज सकाळी खालपासून वरपर्यंत ठोकाठोकी चालायची. ठोका कोणाचा ते सगळ्यांना ओळखू यायचं. मंदाबाई भराभर आणि रागाने ठोकत. दुसऱ्या माळ्यावरच्या रुख्माबाई दोन ठोके देऊन थांबत, मग एक देत. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नसे, म्हणून दम घ्यावा लागे. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आता फुटलो. ओट्याखालचं माझं अंग झिजून कागदासारखं झालं होतं. बत्ता दिसला की मी घाबरायचो.

आता किसनरावांचं सांगतो, कारण हे सगळं त्यांच्या घरात घडलं.

किसनराव म्हणजे रुख्माबाईंचे यजमान. गाव हिंगणी, बोर धरणाजवळ शेती. मुलांच्या शाळेसाठी नालवाडीत घर घेतलं आणि मोटारसायकलीवर शेत सांभाळलं. माणूस शिस्तीचा. इमारतीच्या बैठकीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय जगता येत नाही, आणि एक कूलर दिवसाला म्हशीपेक्षा जास्त पाणी पितो. खालच्या लोकांनी माझ्या अंगातून थेट नळ्या काढून कूलरला जोडल्या, तेव्हा वरच्या घरात प्यायला पाणी येईना. किसनरावांनी ठराव मांडला. कूलरला थेट नळी कोणी जोडायची नाही, बादलीने भरायचा. सगळ्यांनी हात वर केले. नळ्या निघाल्या.

नंतरच्या उन्हाळ्यात एकेक नळी गुपचूप परत आली. गॅलरीत, कूलरच्या आड, कोणाला दिसणार नाही अशी. मला दिसत होती. भोक माझ्याच अंगाला पडत होतं ना. पण पाइपाला कोण विचारतो.

किसनराव एकटे बादलीने भरत राहिले. मला त्यांचा अभिमान वाटायचा. मग त्यांची मुलगी अपेक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर हिंगणघाटचं. वैशाखाचं ऊन, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. कूलर दुपारी दोनदा कोरडा पडायचा. रुख्माबाईंना बादली उचलवत नव्हती आणि किसनराव शेतावर असायचे. एका सकाळी रुख्माबाई म्हणाल्या, "पोट्टी तापून राह्यली आन तुमी ठराव घेऊन बसले."

किसनरावांनी दुसऱ्या दिवशी हिंगणीहून येताना पिशवीतून सामान आणलं. त्यांनी प्लंबरला बोलावलं नाही, बोभाटा झाला असता. स्वतःच ड्रिल लावलं. आणि मित्रांनो, त्यांनी माझ्या अंगात काय बसवलं माहीत आहे? शेतातल्या ठिबकचं सामान. वांग्याच्या सरीत प्लास्टिकच्या नळीला जे रबरी बूच आणि चिमुकला कॉक लावतात, ते. शेतात त्यातून पाणी थेंबथेंब पडतं. लोखंडी पाइपाच्या दाबापुढे ते किती टिकणार? पण शेतकऱ्याच्या हाताला ते सवयीचं होतं. कॉक फिरवला, कूलर भरला, अपेक्षा त्या दुपारी शांत झोपली. किसनराव बराच वेळ दारात उभे राहून तिच्याकडे पाहत होते. त्या माणसाला चोर म्हणताना माझी जीभ अडते. पण भोक ते भोकच.

त्याच सुमाराला पाणी फारच लाल यायला लागलं. रामाजी नावाचा प्लंबर आला. त्याने मला हाताने चाचपलं आणि म्हणाला, "हा गेला. भिंत फोडा, काढून फेका, नवीन टाका." हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. छिन्नीने सिमेंट फोडतील, मला तुकड्या-तुकड्याने उपटतील आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकतील. त्या दिवसापासून जिन्यात कोणाच्या हातातलं काही खणखणलं तरी मी थरथरायचो.

पण सगळ्यांची स्वयंपाकघरं फोडायची म्हटल्यावर बायकांनी नकार दिला. अपेक्षा घरात असताना धूळ आणि ठोकाठोकी नको, असं रुख्माबाईंनी बजावलं. आणि तिच्या बाळाला पहिली आंघोळ या लाल पाण्याची नको, हेही त्यांनीच बजावलं. तेव्हा बंडूजींना कोणीतरी नागपूरच्या धर्मेंद्रचं नाव सांगितलं. तो पाइप न काढता आतून लेप देतो म्हणे.

धर्मेंद्र आला. खाली गाड्या लावतात तिथे बैठक बसली.

"पहिले पाइप रिकामा करतो," तो म्हणाला. "मंग गरम हवा सोडून सुकवतो. सुकला की हवेच्या जोरानं रेती मारतो. सगळा गंज खरवडून निंघते. मंग आतून लेप फिरवतो. लेप वाळला की पानी आन लोखंड एकमेकाले भेटतच नाई. भिंतीले हात लावाचं काम नाई."

"रेती म्हंजे आपली नदीतली?" मंदाबाईंनी विचारलं.

"नाई जी, धारदार असते. मधात हात आला तं चामडी सोलून नेते. म्हनून सांगतो, नीट ऐका. जेवढे नळ मले दिसन, तेवढ्याचे तोंड मी बुचानं बंद करीन. जे दिसनार नाई, तिथून रेती भायेर येईन. कोनी चोरून कनेक्शन घेतलं असन तं आत्ताच सांगा. लाज धरू नका."

सगळेच आपापल्या चपलांकडे पाहत होते.

"आमच्याकडं चोर नाई गा," बंडूजी म्हणाले. "किसनरावनं ठरावच पास केला हाय."

लोक हसले. किसनरावही मिशीतल्या मिशीत हसले. त्या एका हसण्याने माझ्या अंगात पाणी असूनही कोरड पडली. त्यांना बोलायचं होतं, असं मला वाटतं. पण ज्याने ठराव मांडला त्याच्याच घरी भोक, हे सगळ्या बिऱ्हाडांसमोर कसं सांगणार. शिवाय त्यांनी मनाशी हिशोब केला होता, कॉक बंद ठेवला की झालं. शेतात तेवढं पुरतं.

धर्मेंद्र घरोघर फिरला. सगळ्यांनी आपापली भोकं लपवली. कोणी पिंप लावलं, कोणी जुनी गादी. किसनरावांनी चाकांचा कूलर खिडकीपासून ओढला आणि गॅलरीच्या कोपऱ्यात माझ्यासमोर उभा केला. धर्मेंद्रने वाकून पाहिलं, त्याला कूलरची पाठ दिसली.

तो दिवस उजाडला. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि मी रिकामा झालो. रिकामं होणं काय असतं ते तुम्हाला सांगता येणार नाही. इतकी वर्षं माझ्यातून काही ना काही वाहत होतं. आता आतून शांतता. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला, त्याची नळी गच्चीवर माझ्या तोंडाला बांधली आणि गरम हवा आत शिरली. गंजाच्या गुठळ्या तडतडायला लागल्या. गच्चीवर धर्मेंद्र, बंडूजी आणि किसनराव उभे होते. किसनराव मुद्दाम तिथे थांबले होते. काही झालं तर आपण जवळ असावं, असं त्यांना वाटलं असेल. चुकीच्या जागी थांबले.

दुपार झाली. दुसऱ्या माळ्यावर अपेक्षाला झोप लागेना. गरम व्हायला लागलं, तसा तिने कूलर कोपऱ्यातून ओढत खिडकीशी आणला आणि बटण दाबलं. कूलरची टाकी कोरडी. या कॉकला आज हात लावू नको, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी बंद आहे एवढं माहीत होतं, पण या नळीत थोडंफार उरलं असेल असं तिला वाटलं. कूलर आणि माझ्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती आडवी होऊन, पोट सांभाळत शिरली. हात लांबवला. ठिबकचा कॉक फिरवला.

मी ओरडू शकलो असतो तर अख्ख्या नालवाडीला ऐकू गेलं असतं.

कॉकमधून तापलेली हवा आणि गंजाचा भुगा तिच्या मनगटावर आला. नळी उडून सापासारखी वळवळली. तिने कॉक परत फिरवायला बघितलं, तर तो तिच्या हातात आला. रबरी बूच गरम होऊन मऊ पडलं होतं. ती मागे सरली. तिच्या पाठीने कूलर ढकलला गेला. पाणी नसलेला कूलर तो, लगेच घरंगळला. त्याचं पुढचं चाक गॅलरीच्या मोरीत गेलं आणि तो तिरपा होऊन गॅलरीची जाळी आणि भिंत यांच्यामध्ये अडकला. एका बाजूला कूलर, एका बाजूला मी, मधे ती, आणि तिच्या पोटात ते.

"आई," ती म्हणाली. मोठ्याने ओरडली नाही. घाबरलेली माणसं कधीकधी हळूच बोलतात.

रुख्माबाई धावत आल्या. आधी कूलरचं बटण बंद केलं. मग ओढायला लागल्या. चाक निघेना. गुडघे साथ देईनात.

"मांगं होऊन बस, पोट भिंतीकडं कर."

"बसता येत नाई वं. जागाच नाई."

"हवाच हाय ना नुसती?"

"आत्ता हवा हाय. रेती कधी सोडतील?"

रुख्माबाईंचा चेहरा मला हातभर अंतरावरून दिसत होता. बैठकीत धर्मेंद्र जे बोलला ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं असणार. त्यांनी फोन लावला. गच्चीवर किसनरावांचा फोन वाजला आणि त्यांनी तो कापला. काम सुरू असताना घरचा फोन म्हणजे जेवायला या, असा त्यांचा समज. परत लावला. परत कापला. रुख्माबाईंनी जिन्याकडे पाहिलं. वर दोन माळे आणि गच्ची. त्या पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असतं. खिडकीतून हाक मारली, ती कॉम्प्रेसरच्या घरघरीत विरून गेली.

वर धर्मेंद्र म्हणाला, "सुकला. आता रेती."

तो नेहमी आधी थोडीशीच सोडून पाहतो. मूठभर रेती माझ्या आत आली. मित्रांनो, ते दुखणं मी विसरणार नाही. हजार मांजरं आतून नखं मारत उतरली. माझी वाकणं पार करत ती रेती दुसऱ्या माळ्यावर आली आणि थोडी त्या भोकातून बाहेर गेली. समोरच्या भिंतीच्या रंगाचा टवका उडाला, अपेक्षाच्या कोपरापासून चार बोटांवर. तिच्या बाहीला चरे गेले आणि दंडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. तिने दोन्ही हात पोटावर आडवे धरले आणि डोळे मिटले.

ही फक्त मूठभर होती. पुढे गोणी होती.

रुख्माबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांना ओट्याखाली वाकताना पाहिलं. हातात बत्ता होता. माझं अंग तिथे कागदाएवढं पातळ आहे, ते फुटलं तर मी संपलो, रामाजीचीच छिन्नी येणार, हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी मनात म्हणत होतो, ठोका बाई. जोरात ठोका. मी आयुष्यभर त्या बत्त्याला भ्यालो आणि त्या दिवशी मी त्याची वाट पाहत होतो.

दोन ठोके. थांबल्या. एक ठोका.

रिकामा पाइप आवाज चांगला नेतो. मी तो अंगभर धरला आणि गच्चीवर नेऊन सोडला. धर्मेंद्रचा तळवा माझ्या तोंडाशी होता. त्याने झटक्याने हवा बंद केली.

"कोन ठोकून राह्यलं?"

"पोट्टे असतीन," बंडूजी म्हणाले. "तुमी चालू करा जी. ऊन वाढून राह्यलं."

दोन ठोके. एक ठोका.

किसनरावांनी ते ओळखलं. मी त्यांचे पाय गच्चीच्या फरशीवर गप्प झालेले ऐकले. आता धर्मेंद्र त्यांच्याकडे बघत होता. "किसनराव, चालू करू काय?"

हो म्हणायला एक शब्द लागला असता. पोट्टे असतील, एवढंही पुरलं असतं. इज्जत राहिली असती. माणूस इज्जतीसाठी काय काय करतो ते मी भिंतीतून बघितलं आहे, म्हणून त्या क्षणी मी त्यांच्यावर भरवसा ठेवला नव्हता.

"नोका," ते म्हणाले. "माह्या घरून हाय. माह्या गॅलरीत चोरीचा नळ हाय. पोट्टी हाय तिथं." आणि ते जिन्याकडे धावले. मागून धर्मेंद्र.

दोघांनी कूलर उचलला. चाक तुटलं, तुटू दिलं. अपेक्षा बाहेर आली आणि पलंगावर बसली. रुख्माबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"हालते काय वं?"

अपेक्षाने मान हलवली. नाही.

"पाह्य नं. नीट पाह्य."

"नाई आई. मघापासून नाई हाललं."

मला खोली अर्धीच दिसत होती, किसनरावांचे पाय दिसत होते. धर्मेंद्र दारात टोपी हातात घेऊन उभा होता. खाली कोणीतरी कॉम्प्रेसर बंद केला आणि अख्खी इमारत थांबली. मी तर रिकामाच होतो, पण त्या शांततेत मला माझ्या गंजाचे कण खाली पडताना ऐकू येत होते.

मग अपेक्षा म्हणाली, "मारली."

"काय मारली?"

"लाथ मारली, आई. लय जोरात."

रुख्माबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "शेतात वांग्याले पानी देल्यासारखं पोट्टीले गारवा द्याले निंघाले. ठराव कोनाचा होता जी?"

"माहाच," किसनराव म्हणाले.

जिन्यात गर्दी जमली होती. धर्मेंद्र बाहेर आला. तो रागावला नव्हता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अजून कोनाकडं असन तं सांगा," तो म्हणाला. "मी हात जोडतो."

"आमच्याकडं हाय एक," मंदाबाई म्हणाल्या. "पिंपामांगं."

"काय वं? मले तं माहीतच नाई," बंडूजी म्हणाले.

"तुमीच बसवला, माहीत कसा नाई?"

मग वरून एक आवाज आला, खालून दोन आले. जवळजवळ प्रत्येक घरात होतं. सगळ्यांनी हात वर करून ठराव केला होता आणि सगळ्यांनी मला भोकं पाडली होती. त्यातला एक जण जरी बैठकीत बोलला असता, तर बाकीचेही बोलले असते. हे मी रागाने सांगतो आहे. त्या दुपारी अपेक्षाच्या अंगावर जी रेती आली ती फक्त किसनरावांच्या भोकातून आली नव्हती. ती सगळ्यांच्या गप्प बसण्यातून आली होती.

पुढचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. धर्मेंद्रने सगळी भोकं बंद केली. ओट्याखाली, जिथे मी कागदासारखा झालो होतो, तिथे त्याने मला कापलं आणि नवा तुकडा बसवला. "जिथं लोखंडच नाई उरलं तिथं लेप कशाले धरीन," तो म्हणाला. कापताना मी भ्यालो, पण तो हात घाईचा नव्हता. मग रेती आली, गोणीभर. माझा सगळा जुना गंज, सगळ्या उन्हाळ्यांचे क्षार, सगळं सोलून खाली पोत्यात गेलं. मी उघडा पडलो. आणि मग लेप आला. दाट, मऊ, हवेबरोबर फिरत, कानाकोपरे भरत. अंगावर कोणी पांघरूण घालावं तसा. तो वाळेपर्यंत पाणी सोडायचं नव्हतं. धर्मेंद्र जिन्यात खुर्ची टाकून बसला. नळ आले म्हणून सवयीने कोणी व्हॉल्व्ह फिरवेल अशी त्याला भीती होती. आता त्यालाही या इमारतीची ओळख झाली होती.

पाणी सोडलं. पहिलं थोडं वाहू दिलं. मग मंदाबाईंनी पेला धरला आणि रुख्माबाईंच्या हातात दिला.

अपेक्षाला मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ माझ्या पाण्याने झाली. पाणी स्वच्छ होतं. मी ओट्याखालून ऐकत होतो, ती पोर आंघोळीला खूप रडत होती. रडणाऱ्या पोरीचा आवाज इतका बरा वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता भीती कसली. ऐका. माझ्या आतला लेप नखाएवढा पातळ आहे. तो आहे तोवर पाणी मला खाऊ शकत नाही. पण बाहेरून कोणी एक भोक पाडलं, तर लेप तिथे चिरतो, पाणी त्याच्याखाली शिरतं आणि गंज पुन्हा सुरू होतो, कोणाला न दिसता. तुमच्या घराच्या भिंतीतही माझा कोणी भाऊ उभा असेल. त्याला बाहेरून बघून चांगला म्हणू नका, आतून बघा. पाणी लाल आलं की हसण्यावारी नेऊ नका. कूलर बादलीने भरा. आणि पाइप दुरुस्त करणारा माणूस दारात येऊन विचारेल, कुठे भोक आहे का, तेव्हा चपलांकडे पाहू नका. तोंड उघडून सांगा. तुमची लाज दोन दिवसांत जाते. दंडावरचे ठिपके अपेक्षा अजून बाहीखाली झाकते.

किसनराव आता रोज दुपारी बादलीने कूलर भरतात. कंबर धरतात, दोन शिव्या देतात आणि भरतात.

या उन्हाळ्यात तिसऱ्या माळ्यावर निकेश नावाचा नवा भाडेकरू आला आहे. माणूस चांगला आहे, जिन्यात सगळ्यांना नमस्कार करतो. काल त्याने गॅलरीत नवा कूलर आणून ठेवला. आज तो माझ्यासमोर उभा राहिला, पेन्सिलने माझ्या अंगावर एक बारीक खूण केली आणि खाली मशीन मागायला गेला. मंदाबाई त्याला जिन्यात भेटल्या आहेत. त्या काहीतरी सांगत आहेत, बराच वेळ सांगत आहेत. तो काय म्हणाला ते मला भिंतीतून नीट ऐकू आलं नाही.